पुणे ते कन्याकुमारी क्लासिक ३५० वर, एकट्याने. गाडीची आणि अंगाची तयारी कशी करू?

सह्याद्री_३५०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून कन्याकुमारीला बाईकवर जायचं ठरवलंय. एकटाच आहे, मागे कोणी बसणार नाही. गाडी क्लासिक ३५०, स्पोकची चाकं, त्यामुळे टायर ट्यूबवाले. रस्ता तसा सरळ आहे, सातारा कोल्हापूर बेळगाव हुबळी चित्रदुर्ग तुमकूर करत बंगळूर आणि तिथून ४४ नंबरचा हायवे धरून कृष्णगिरी सेलम मदुराई तिरुनेलवेली, सगळं मिळून १५०० किमीच्या थोडं वरच जातंय.

आत्तापर्यंत सगळ्यात लांब गेलोय ते आंबोलीमार्गे गोव्याला, त्यात आजऱ्याला पोचेपर्यंत बूड इतकं दुखायला लागलं की सारखी गाडी बाजूला घ्यावी लागत होती आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घरी आल्यावरही बधिर होतं. त्यामुळे खरं सांगायचं तर गाडीपेक्षा माझं शरीर टिकेल का हीच काळजी जास्त आहे.

मित्र म्हणतोय पहाटे ३ ला निघ, रात्री बंगळूर, दुसऱ्या रात्री कन्याकुमारी. ग्रुपवर एकजण तर म्हणाला की लोक २४ तासात १६०० किमी मारतात त्यामुळे दोन दिवस म्हणजे आरामात. मला घाई काहीच नाही पण रजा मोजकी आहे. तर एका दिवशी किती किमी धरू, बुडाचं आणि हाताचं काय करू, गाडीचं काय काय बघून घेऊ, आणि सोबत काय असायलाच हवं? शाळेत असताना विवेकानंद केंद्राच्या शिबिरात एकनाथजी रानड्यांनी ते शिलास्मारक कसं उभं केलं ते ऐकलं होतं, तेव्हापासून तिथे जायचं मनात आहे, त्यामुळे जाणार हे नक्की. नीट जायचंय एवढंच.


स्टेअरिंगवाले_काका

पोरा, पहिलं हे की पहाटे तीनला निघायचं डोक्यातून काढून टाक. पुणे-बंगळूर-सेलम लाईनला मी बरीच वर्षं ट्रक चालवलाय, आता धंदा मुलगा बघतो. रात्री दोन ते पाच ही वेळ आमच्यासारख्या रात्रीच्या सवयीच्या माणसाला पण जड जाते, आणि तू आदल्या दिवशी ऑफिस करून, पॅकिंग करून, तीन तास झोपून निघणार. ट्रकमध्ये डुलकी लागली तर निदान आजूबाजूला पत्रा असतो, तुझ्याकडे काय आहे.

डिसेंबर म्हणजे कारखान्यांचं गाळप जोरात. सातारा सोडलंस की कराड, कोल्हापूर, कागल, निपाणी, थेट संकेश्वरच्या पुढपर्यंत उसाचे ट्रॅक्टर असतात, एकाला दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर लावला असला तरी वर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याने, झाकलेला असतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. अंधारात मागून येणाऱ्याला रस्त्यावर नुसता काळोख दिसतो आणि तो काळोख पंधराच्या स्पीडने चाललेला असतो. समोरच्या लेनमधून एखादी गाडी हाय बीमवर आली की तेवढंही दिसत नाही. त्यात सातारा ते कागल सहापदरीच्या कामाची डायव्हर्जनं, कुठे रस्ता सर्व्हिस रोडला उतरतो कुठे परत वर चढतो. म्हणून या पट्ट्यात उजाडल्यावरच गाडी चालव आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला लाग. मी हे भीती घालायला सांगत नाहीये, आमच्या लाईनच्या प्रत्येक ड्रायव्हरला कोणी ना कोणी माहीत आहे जो अशा ट्रॉलीत गेला.

दुसरं, ट्रकच्या क्लीनर साइडने म्हणजे डावीकडून कधी पुढे काढू नकोस, कितीही जागा दिसू दे. आमच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही तू दिसत नाहीस. ट्रकच्या मागे चिकटून पण चालवू नको, आम्ही खड्डा दोन चाकांच्या मधून काढतो, तुला तो खड्डा शेवटच्या क्षणी दिसतो. आणि उजवीकडून ओव्हरटेक करताना एक ध्यानात ठेव, ट्रकच्या आडोशाला असेपर्यंत वारा लागत नाही, केबिनच्या पुढे आलास की वारा एकदम बाजूने आपटतो आणि गाडी हातभर सरकते. तिथे हँडल आवळून धरलं की उलट गाडी जास्त वळते. हात सैल, गुडघ्यांनी टाकी घट्ट. चित्रदुर्गच्या पवनचक्क्यांच्या टापूत आणि तिकडे खाली तिरुनेलवेली सोडल्यावर कावलकिनारूच्या आसपास हे जास्त जाणवेल. पवनचक्क्या कोणी उगाच उभ्या करत नाही.

घाटांचं म्हणशील तर खंबाटकी जाताना चढाचा घाट आहे, बोगदा येताना लागतो. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट साधा आहे. पण धर्मपुरी सोडून सेलमकडे जाताना तोप्पूरचा उतार लागतो तिथे खरंच जपून. लोडच्या गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात तिथे. फोटो काढायला, पाणी प्यायला, कशालाही त्या उतारावर थांबायचं नाही. खालच्या गियरमध्ये उतर, आरशात लक्ष ठेव, मागून ट्रक स्पीडने येताना दिसला तर डावीकडे जागा दे आणि जाऊ दे त्याला.


ताई_ऑन_व्हील्स

काकांनी रस्त्याचं सांगितलं ते अगदी खरं आहे, मी शरीराबद्दल लिहिते कारण मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बाईकवर बऱ्यापैकी लांब लांब जाते.

तुझी करंगळी आणि अनामिका बधिर होते म्हणजे अल्नर नर्व्ह दबतेय. ही नस तळव्याच्या करंगळीकडच्या मांसल भागाखालून जाते आणि आपण पुढे झुकून शरीराचा भार हँडलवर टाकला की तळव्याचा नेमका तोच भाग ग्रिपवर दाबला जातो. त्यात सिंगल सिलेंडरचं व्हायब्रेशन, आणि उजवा हात तर थ्रॉटल धरून तासन् तास एकाच जागी. जाडजूड ग्लोव्हज घेऊन याचा थोडाच उपयोग होतो, कारण मूळ दुखणं हे आहे की भार हातावर का येतोय. तर सगळ्यात आधी क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन बघ. नेहमीसारखा गाडीवर बस, डोळे मिटून हात ग्रिपवर ठेव, बोटं सरळ कर. बोटं थेट लिव्हरवर पडली पाहिजेत. मनगट वर मोडून बोटं न्यावी लागत असतील तर लिव्हर वर आहे, क्लॅम्पचे बोल्ट सैल करून जरा खाली फिरव. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक शोरूममधून गाडी आणल्यापासून याला हात लावत नाहीत.

मग पोट आणि पाठ. हातावर भार येतो कारण कमरेचे स्नायू लवकर दमतात आणि आपण हँडलवर रेलतो. आजपासून रोज प्लँक, स्क्वॉट्स आणि मानेचे हलके व्यायाम सुरू कर, जिम लावायची गरज नाही, पण रोज कर. दीड-दोन महिन्यात फरक कळेल. हेल्मेटचं वजन तासन् तास मानेवर असतं आणि वाऱ्याचा दाब वेगळाच, त्यामुळे मानेकडे दुर्लक्ष नको.

आता बूड. मऊ सीट बरी वाटते ती पहिला तासभर, नंतर फोम दबून जातो आणि बसायची जी दोन हाडं आहेत त्यांच्यावर सगळं वजन येतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि आग व्हायला लागते. सीटवर एअर कुशन किंवा जाळीचं कव्हर टाकता येतं, एअर कुशनमध्ये हवा कमीच भरायची, जेमतेम बूड सीटवरून सुटेल एवढी, टम्म भरलं तर गाडीवर डोलायला होतं. आतून कॉटनची अंडरवेअर नको, घाम धरून ठेवते आणि शिवणीच्या जागी कातडी सोलली जाते. सायकलवाल्यांच्या शॉर्ट्स मिळतात त्या घाल. जीन्स तर अजिबात नको, तिची मधली जाड शिवण बरोबर नको तिथे येते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रस्ता मोकळा आणि चांगला असेल तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी फूटपेगवर अर्धा मिनिट उभं राहायचं. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. एकदा आग सुरू झाली की त्या दिवसात ती पूर्ण जात नाही.

हेच थांबण्याच्या बाबतीत. दीड तास किंवा साधारण ८०-१०० किमी झाले की थांबायचं, दमला नसलास तरी. गाडीवरून उतर, हेल्मेट काढ, पाच मिनिटं चाल, पाणी पी. दमून थांबणारा माणूस अर्धा तास बसतो आणि उठताना आखडलेला असतो, वेळेवर थांबणारा दहा मिनिटांत ताजा होऊन निघतो. संध्याकाळी हिशोब केलास तर दोघांचा वेळ सारखाच गेलेला असतो.

पाण्याचं विशेष सांगते. गाडीवर वारा लागत असल्याने घाम लगेच उडून जातो आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. दुपारी डोकं जड होणं, चिडचिड, एकाच ठिकाणी नजर खिळणं, हे बऱ्याचदा पाणी कमी पडल्याचं लक्षण असतं. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं. प्रत्येक थांब्याला पाणी आणि दिवसातून एखादं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात. चहा प्यायला हरकत नाही पण चहा पाण्याच्या जागी नको. आणि ज्या मुली, बायका हे वाचताहेत त्यांच्यासाठी, टॉयलेट मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही असं करू नका गं. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट देणं पंपवाल्याला बंधनकारक असतं. बंद आहे म्हणाले तर किल्ली मागायची, ठामपणे.

झोपेचं शेवटचं. दुपारी जेवणानंतर दोन ते चार ही वेळ पहाटेइतकीच वाईट. भरपेट थाळी खाऊन निघालास तर झोप येणारच. इडली, दहीभात, केळी, गूळ-शेंगदाणे असं थोडं थोडं खात राहा. मागचे चार-पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, गियर बदलायला उशीर होत असेल, सारख्या जांभया येत असतील तर तोंडावर पाणी मारून पुढे जायचं नाही. पंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोप. आणि सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन गाडी चालवू नकोस, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.


सह्याद्री_३५०

काका, ताई, मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. लिव्हरचा कोन आत्ताच खाली जाऊन बघून आलो, मनगट चांगलंच वर मोडतंय माझं. ताई एक शंका, फोमचे इअरप्लग घालावेत का? काहीजण म्हणतात हॉर्न ऐकू येत नाही.


ताई_ऑन_व्हील्स

घाल, नक्की घाल. हेल्मेटमध्ये ८०-९० च्या स्पीडला वाऱ्याचा जो घोंघाट असतो तो दिवसभर ऐकून कान तर खराब होतातच पण मेंदूही थकतो. इअरप्लगने तो घोंघाट कमी होतो, हॉर्न आणि इंजिनचा आवाज ऐकू येतो, उलट घोंघाट गेल्यामुळे जास्त स्वच्छ कळतो. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरून मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. आधी घराजवळ वापरून सवय कर. हेडफोन लावून गाणी ऐकत जाणं मात्र वेगळी गोष्ट, ते नको.


पाना_पक्कड_कोल्हापूर

भावा गाडीचं मी सांगतो. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करायची नाही. निदान पंधरा दिवस आधी करून घे आणि मग तीनशे-चारशे किमी फिरव, म्हणजे कुठला बोल्ट ढिला राहिला, कुठे ऑइल गळतंय, ब्रेक कुठे घासतोय हे घराजवळच कळतं.

तुझ्या गाडीत खरा विषय ट्यूबचा. ट्यूबलेसला खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, भोकात बाहेरूनच रबराची पट्टी (स्ट्रिप) मारली की दहा मिनिटांत रस्त्याला लागतो. ट्यूबमध्ये हवा एकदम बसू शकते आणि चाक काढल्याशिवाय पंक्चर निघत नाही. पुढचं चाक १९ इंची आणि मागचं १८, म्हणून दोन्ही ट्यूबा सोबत ठेव. दोन टॉमी (टायर रिममधून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), मागच्या ॲक्सलला बसणारा पाना आणि छोटा पंप. आणि नुसतं सामान जवळ ठेवून उपयोग नाही, गॅरेजवाल्यासमोर उभं राहून मागचं चाक एकदा स्वतःच्या हाताने काढून ट्यूब बदलून बघ. रस्त्यावर शेवटी कुठलातरी पंक्चरवाला भेटतोच, पण चाक खोलून ट्यूब हातात घेऊन त्याच्यापर्यंत जाता आलं तरी अर्धं काम झालं. टायरची नक्षी संपत आली असेल तर आत्ताच बदल, जुना घासलेला टायरच जास्त पंक्चर होतो.

चेन. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्रावर, चेन हाताने मागे ओढून बघ, अर्धा दात उघडा दिसला तर चेन-स्प्रॉकेटचा सेट संपला, तो इथेच बदल. ढिलाई मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ठेव, सामान लादल्यावर ती अजून ताणली जाते म्हणून जास्त टाईट करायची नाही. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलास की चेन गरम असतानाच ल्यूब मार, रात्रभर मुरतं. सकाळी मारलेलं सगळं रिमवर उडतं. गाडी सेंटर स्टँडला लाव, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत मार. इंजिन चालू ठेवून चेनजवळ फडकं नेणाऱ्यांची बोटं गेलेली बघितलीत मी.

क्लच वायर नवीन घे आणि जुन्या वायरला लागूनच टेपने बांधून टाक, दोन्ही टोकं झाकून. तुटली तर नुसती टोकं बदलायची, टाकी काढायला नको की बाहेरगावी तेच मॉडेल शोधायला नको. फ्यूज, हेडलाईटचा बल्ब, इन्सुलेशन टेप, केबल टाय, थोडी तार. बॅटरीचे टर्मिनल आवळून घे. व्हायब्रेशनने नंबरप्लेट, सायलेन्सरचं गार्ड, आरसे यांचे बोल्ट ढिले होतात, रोज सकाळी एक फेरी मारून हात लावून बघ. हवा सकाळी टायर थंड असताना भर आणि ऑइल गाडी सरळ उभी करून बघ, साईड स्टँडवर तिरकी असताना नाही. दुसरी किल्ली बॅगेत नको, अंगावर ठेव.

सामान बांधायला लोक हुकवाले रबरी दोर वापरतात, मला ते आवडत नाहीत. हूक निसटला तर चेनमध्ये जातो नाहीतर तोंडावर येतो. पट्ट्या घे, बकलवाल्या. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला, कपडे वर. मागे उंच ढीग केलास की पुढचं चाक हलकं होतं आणि काका म्हणतात त्या वाऱ्यात गाडी डुलायला लागते.


मैलाचा_दगड

२४ तासात १६०० वर दोन शब्द, कारण ते अर्धवट ऐकून लोक भलतंच करतात. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन म्हणून संस्था आहे, तिची सॅडलसोर नावाची राईड आहे, २४ तासात १००० मैल, किलोमीटरवाल्यांसाठी १६००. पेट्रोलच्या पावत्यांवरून वेळ आणि ठिकाण तपासून सर्टिफिकेट देतात. आपल्याकडेही बरेच जण करतात आणि मला त्यांचा आदर आहे. पण आकडा नीट मांडून बघ. १६०० भागिले २४ म्हणजे ताशी ६७ चा ॲव्हरेज, थांबे धरून. पेट्रोल, पाणी, जेवण, थोडी झोप याचे चार तास काढले की चालताना ८० चा ॲव्हरेज पडला पाहिजे, तो पण गावं, टोलनाके, डायव्हर्जन सगळं धरून. ज्यांना हे जमतं ते स्पीडने जमवत नाहीत, थांबे मोजून घेऊन आणि महिनोन् महिने सवय करून जमवतात. आणि ते त्यासाठी मुद्दाम मोकळा रस्ता निवडतात, गाळप हंगामातला सातारा-बेळगाव नाही. तुला कुठलं सर्टिफिकेट नकोय, तुला स्मारक बघायचंय. ४०० ते ५०० किमीचा दिवस धर आणि त्यातला एक दिवस मुद्दाम छोटा ठेव.

तयारीसाठी दोन-तीन रविवार काढ. एकदा १५०, मग २५०, मग ३५० किमी, तेही पूर्ण सामान बांधून, तेच कपडे, तेच बूट, तेच हेल्मेट घालून. हेल्मेट कपाळावर कुठे टोचतं, बूट कुठे चावतो, बॅग कुठे सायलेन्सरला टेकते, हे सगळं त्यात कळतं.


बंगळूरकर_मराठी

मी बंगळूरला असतो, त्यामुळे मधला भाग सांगतो. पहिला मुक्काम हुबळी कर, पुण्याहून साधारण ४३०. दुसरा तुमकूर, तिथून ३४० च्या आसपास. हाच तुझा छोटा दिवस. लोक बंगळूरला मुक्काम करतात आणि संध्याकाळी शहरात शिरायला दोन तास घालवतात, दिवसभराच्या दमलेल्या अंगाने ते क्लच दाबणं नको वाटतं. तुमकूरला थांब, क्यातसंद्र्याची तट्टे इडली खा, रात्री लवकर झोप आणि सकाळी उजाडताना निघ. तुमकूर रोडवरून नाईस रोडला लागलास की थेट होसूर रोडला इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ बाहेर पडतोस, शहरात जावंच लागत नाही. नाईस रोडवर बाईकलाही टोल आहे, नॅशनल हायवेसारखं फुकट नाही, आणि रात्री १० ते पहाटे ५ दुचाकी सोडत नाहीत. सकाळी आठच्या आत होसूर पार झालास तर तो दिवस मदुराईपर्यंत, साधारण ५००. सेलमच्या पुढे रस्ता रुंद आणि एकसुरी आहे, ताईंनी सांगितलेली दुपारची झोप तिथेच येते, सांभाळ. मदुराई ते कन्याकुमारी २४५, दुपारच्या जेवणाला पोचशील.

एकच मोठी सूचना, डिसेंबर नको. तामिळनाडूचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आपल्याकडे थंडी पडलेली असते तेव्हा तिकडे मुसळधार चालू असतो. २०२३ च्या डिसेंबरात १७-१८ तारखेला तिरुनेलवेली-तूतुकुडी भागात जो पूर आला तो आठव, कायलपट्टिनमला एका दिवसात ९० सेंटीमीटरच्या वर पाऊस झाला होता, रस्ते-रेल्वे सगळं बंद. शिवाय शबरीमलाचे भाविक मदुराईच्या पुढे रात्रंदिवस रस्त्यावर असतात, बरेच जण चालत. पोंगल झाल्यावर, म्हणजे जानेवारीच्या २० नंतर ये. तरी रेनकोट असू देच, सकाळच्या थंडीत वाऱ्याला पण तो कामाला येतो.


स्टेअरिंगवाले_काका

जानेवारीचं बरोबर आहे. गाळप तेव्हाही चालूच असतं म्हणून पहिल्या दिवसाचं मी सांगितलं ते तसंच राहील. आणखी एक, १०३३ हा हायवेचा हेल्पलाईन नंबर आणि ११२, दोन्ही मोबाईलमध्ये टाकून ठेव. टाकीवर किंवा हेल्मेटला आतून एका चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा नंबर चिकटव. मोबाईलला लॉक असतो, मदत करणाऱ्याला तो उघडता येत नाही. आणि रस्त्यात दुसरं कोणी पडलेलं दिसलं तर थांबून मदत कर, आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे, पोलीस जबरदस्तीने नाव-पत्ता घेऊ शकत नाहीत.


सह्याद्री_३५०

ठरलं, २२ जानेवारीला उजाडल्यावर निघायचं. हुबळी, तुमकूर, मदुराई, कन्याकुमारी. पुढच्या रविवारी सामान बांधून १५० किमीचा पहिला फेरा मारतो, महाबळेश्वरच्या बाजूला वगैरे न जाता सरळ हायवेनेच. मागच्या चाकाचं गॅरेजवाल्याला विचारलंय, तो म्हणाला ये शनिवारी, तूच काढ मी बघतो. कागदपत्रं डिजिलॉकरवर आहेत, तरी आरसी, इन्शुरन्स, पीयूसीच्या झेरॉक्स घेतो.

एकच राहिलं. परत येताना तेच १५०० किमी उलटे चालवायचे, तोपर्यंत रजा पण संपत आलेली असेल. तिथे एक दिवस थांबून निघावं की दोन?


मैलाचा_दगड

दोन. परतीच्या वेळी घरची ओढ असते आणि माणूस ५०० ऐवजी ७०० मारायला जातो, अंग मात्र जाताना थकलेलं तेच असतं. दोन दिवस नीट झोप, समुद्र बघ, स्मारकाच्या बोटीची रांग मोठी असते म्हणून सकाळी लवकर जा. आता तिथून तिरुवल्लुवरच्या पुतळ्यापर्यंत काचेचा पूल पण झालाय.


बंगळूरकर_मराठी

आणि रजा खरंच कमी पडत असेल किंवा हात परत बधिर व्हायला लागला तर गाडी रेल्वेने पाठव, त्यात काहीच कमीपणा नाही. कन्याकुमारी-पुणे एक्स्प्रेस तिथूनच सुटते, म्हणजे गाडी चढवायला मधल्या स्टेशनसारखी दोन-पाच मिनिटांची घाई नसते. तुझ्याकडे तिकीट असेल तर त्याच गाडीने लगेज म्हणून बुक होऊ शकते. आरसी आणि आधारची झेरॉक्स लागते, टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आणि गोणपाटात गुंडाळून देणारे लोक पार्सल ऑफिसच्या बाहेरच असतात. आरसे आणि सॅडलबॅग आधीच काढून आपल्याबरोबर घे. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला जाऊन जागा आहे का ते विचारून ये, आणि पुण्यात उतरल्यावर पंपापर्यंत जायला बाटलीभर पेट्रोल घेऊन कोणाला तरी स्टेशनच्या बाहेर बोलावून ठेव, रेल्वेच्या डब्यात पेट्रोल न्यायला बंदी आहे.